संशयाचा फायदा कोणाला?

मंडळी, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असं आपण सहज म्हणून जातो. तर्कशास्त्र शिकवताना आम्ही ही म्हण हमखास वापरत असू. एकामागून एक घडलं म्हणजे पहिल्यामुळेच दुसरं घडलं असं मानू नका, हा तो धडा. धडा बरोबरच आहे. पण हीच म्हण सरकारच्या तोंडी आली की काय होतं, ते आज पाहू.

इराकमध्ये बलादच्या अमेरिकी तळावर कचरा जाळायचा प्रचंड उघडा खड्डा होता. प्लास्टिक, रंग, बॅटऱ्या, दवाखान्यातला कचरा, सगळं विमानाचं इंधन ओतून पेटवून द्यायचे. तिथे राहिलेला सैनिक घरी परततो आणि काही वर्षांनी त्याला फुप्फुसाचा कर्करोग निघतो. तो माजी सैनिकांच्या खात्याकडे अपंगत्वाच्या भत्त्यासाठी दावा करतो. खातं तीन गोष्टी विचारतं: आज आजार आहे का, सेवेत तसं काही घडलं का, आणि या दोहोंचा संबंध काय. माणूस अडकतो तो तिसऱ्या प्रश्नावर. 2007 ते 2020 या काळात धुराशी संबंधित दर चार दाव्यांतले तीन तरी फेटाळले गेले.

आणि गंमत अशी (गंमत कसली म्हणा) की कायद्याची कसोटी मुळात कडक नाहीच. संबंध असण्याची शक्यता नसण्याइतकी असली तरी पुरे. पारडी समसमान झाली तर कौल सैनिकाच्या बाजूने. 1990च्या गिल्बर्ट खटल्यात कोर्टाने यासाठी बेसबॉलचा दाखला दिला. आपण क्रिकेटवाले, आपल्याला हे लगेच कळतं: संशयाचा फायदा फलंदाजाला. मग दावे पडले का? कारण पारडी समसमान व्हायलासुद्धा सैनिकाच्या पारड्यात काहीतरी पडावं लागतं. त्या एका माणसाच्या छातीत किती धूर गेला, याची नोंदच नाही. नोंद ठेवायची कुणी? सैन्याने. म्हणजे ज्याने मोजायचं त्याने मोजलं नाही, आणि ते मोजमाप आता आजाऱ्याने आणून द्यायचं!

ऑगस्ट 2022च्या पॅक्ट कायद्याने हे उलटं केलं. हीथ रॉबिन्सन या फुप्फुसाच्या कर्करोगाने गेलेल्या सार्जंटचं नाव त्या कायद्याला आहे. ठरावीक प्रदेशात ठरावीक काळात सेवा झाली असेल आणि आजार यादीत असेल, तर संबंध गृहीत धरायचा. यावर आक्षेप ठरलेला: हे अशास्त्रीय आहे, सिगारेटी ओढणाऱ्यालाही पैसे मिळतील. मिळतील, बरं का. पण आम्हाला वाटतं, आक्षेप घेणाऱ्यांची इथे गल्लत होते. धुरानेच कर्करोग झाला, असं हा कायदा म्हणतच नाही. जे कळायला मार्ग उरला नाही, त्याची किंमत कोणी सोसायची, एवढंच तो ठरवतो. हा प्रश्न न्यायाचा आहे, प्रयोगशाळेचा नव्हे.

आमची तक्रार वेगळीच आहे. हे तत्त्व मोकळेपणाने मान्य करायचं सोडून कायदा याद्या आणि नकाशे काढत बसतो. व्हिएतनामवर एजंट ऑरेंजची फवारणी झाली. त्याबद्दलचा कायदा 1991चा. पण 2002पासून खात्याने अट लावली, सैनिकाचा पाय व्हिएतनामच्या जमिनीला लागलेला हवा. किनाऱ्याजवळच्या जहाजांवरचे खलाशी बाहेर! 2019मध्ये प्रोकोपिओ खटल्याचा निकाल आला, त्याच वर्षी नवा कायदा झाला, तेव्हा कुठे ते आत आले. सतरा वर्षं. त्या वयाच्या, आजारी माणसांची सतरा वर्षं. रक्तदाबाचा आजार यादीत यायला तर 2022 उजाडलं; फवारणी थांबली होती 1971मध्ये.

आणि ज्यांच्या शेतांवर ती पडली ते? व्हिएतनामी पीडितांनी रसायन कंपन्यांवर अमेरिकेत दावा लावला. 2005मध्ये न्यायाधीश जॅक वाइनस्टाइन यांनी तो फेटाळला. मुख्य मुद्दा आंतरराष्ट्रीय कायद्याचा होता. पण या आजारांचं कारण ते रसायनच, हे सिद्ध झालं नाही, असंही त्यांना ऐकावं लागलं. म्हणजे पुन्हा कावळा आणि फांदी. कोणी म्हणेल, सैनिकाची गोष्ट निराळी, त्याला सरकारनेच तिथे धाडलं होतं. कबूल. पण शेतकऱ्याच्या डोक्यावर ते विमान कोणी धाडलं होतं? अपील 2008मध्ये फेटाळलं गेलं, आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला.