हलक्या फ्रेमवर्कचे वजन : एक चिकित्सा

प्रस्तावना

बँका, विमा कंपन्या किंवा वेतनव्यवस्था यांसाठीचे एंटरप्राइझ सॉफ्टवेअर एकदा उभे राहिले की ते अनेक वर्षे सांभाळावे लागते. त्यामुळे ते कोणत्या फ्रेमवर्कवर उभारावे, हा निर्णय दूरगामी ठरतो. या निर्णयात 'हलके' हे विशेषण वारंवार वापरले जाते. मात्र त्याचा अर्थ क्वचितच तपासला जातो. प्रस्तुत लेखात जावा भाषेतील स्प्रिंग फ्रेमवर्कच्या वाटचालीच्या आधारे या संकल्पनेची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी

सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये जेटूईई हे मानक पुढे आणले. एंटरप्राइझ जावाबीन्स अर्थात ईजेबी हे त्याचे प्रमुख अंग होते. ईजेबीच्या दुसऱ्या आवृत्तीत व्याज-आकारणीचा साधा नियम लिहायचा झाला, तरी होम इंटरफेस, रिमोट किंवा लोकल इंटरफेस, बीन क्लास आणि एक्सएमएल फाइल एवढा सरंजाम मांडावा लागे. तो नियम तपासून पाहण्यासाठीही सामान्यतः ॲप्लिकेशन सर्व्हर सुरू करावा लागे. अनेक संगणकांवर विखुरलेल्या घटकांसाठी योजलेली ही व्यवस्था एकाच सर्व्हरवर चालणाऱ्या कामांवरही लादली गेली.

या पद्धतीची परखड समीक्षा रॉड जॉन्सन यांनी २००२ मधील आपल्या ग्रंथात केली. त्या ग्रंथासोबतच्या प्रोग्राममधूनच स्प्रिंग आकारास आले आणि मार्च २००४ मध्ये त्याची १.० आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी जॉन्सन आणि युर्गन होलर यांचा 'जेटूईई डेव्हलपमेंट विदाउट ईजेबी' हा ग्रंथ आला.

चिकित्सा

जॉन्सन यांच्या मांडणीचे सार असे की, व्यवहाराचा नियम साध्या क्लासमध्ये असावा. त्याला लागणाऱ्या वस्तू बाहेरून पुरवल्या जाव्यात आणि त्या क्लासला शक्यतो फ्रेमवर्कची ओळखही नसावी. २००६ मध्ये आलेल्या ईजेबी ३.० मध्ये साधे क्लास आणि ॲनोटेशन यांचा स्वीकार झाला, यावरून या विचाराचे बळ दिसून येते.

तथापि, यामुळे वजन नाहीसे झाले असे म्हणता येत नाही. ते स्थलांतरित झाले. आरंभीच्या स्प्रिंगमध्ये ते लांबलचक एक्सएमएल फाइलींत साठले. २००७ मधील २.५ आवृत्तीने ॲनोटेशनचा वापर वाढवला. एक्सएमएल घटले, पण क्लासमध्ये स्प्रिंगचे नाव शिरले. २०१४ मधील स्प्रिंग बूटने बहुतांश जुळणी आपोआप होण्याची सोय केली. लिहिणाऱ्याचे श्रम कमी झाले, मात्र पडद्याआड काय जोडले गेले हे समजून घेण्याचे श्रम वाढले.

या स्थलांतराची किंमत पुढे प्रत्यक्ष दिसली. ओरॅकलने २०१७ मध्ये जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवण्याचे जाहीर केले. त्यानंतर नावाच्या हक्कांमुळे 'जावाएक्स' या आरंभीच्या शब्दाऐवजी 'जकार्ता' हा शब्द आला. नोव्हेंबर २०२२ मधील स्प्रिंग ६ ने हा बदल स्वीकारला. ज्यांच्या व्यवहाराच्या क्लासमध्ये त्या मानकाची ॲनोटेशन पसरली होती, त्यांना नव्या आवृत्तीकडे जाताना ते सर्व क्लास बदलावे लागले. ज्यांनी नियम वेगळे राखले, त्यांचे ते क्लास या बदलापासून सुरक्षित राहिले. दोघांचे फ्रेमवर्क एकच होते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

निष्कर्ष

यावरून हलकेपणा हा केवळ फ्रेमवर्कचा गुण नसून ते वापरण्याच्या पद्धतीचाही गुण आहे, असे म्हणता येईल. निवड करताना फाइलींचा आकार किंवा लोकप्रियता यांपेक्षा तीन प्रश्न अधिक उपयुक्त ठरतात. सर्व्हर सुरू न करता व्यवहाराचा नियम तपासता येतो काय? त्या नियमाच्या क्लासमध्ये फ्रेमवर्कची किती नावे आढळतात? आपोआप झालेली जुळणी चुकल्यास ती शोधण्याचे ज्ञान संस्थेतील कोणाकडे आहे?

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचे मूल्यमापन करताना कोणते फ्रेमवर्क वापरले, एवढीच नोंद पुरेशी मानली जाऊ नये. फ्रेमवर्क बाजूला केल्यास प्रकल्पातील किती भाग तसाच चालेल, हे विद्यार्थ्याला दाखवता आले पाहिजे. पदवीनंतर ज्या प्रणाली त्याच्या हाती येतील, त्यांपैकी अनेक इतरांनी पूर्वी उभारलेल्या असतील. त्या प्रणालींत वजन नेमके कोठे आहे हे ओळखण्याचा सराव वर्गातच होणे आवश्यक आहे.