तिसऱ्या भागाची वाट पाहतांना

एखाद्या आवडत्या कृतीचा पुढचा भाग येणार अशी वार्ता आली, कीं रसिकाच्या मनांत दोन निरनिराळ्या इच्छा जाग्या होतात. पूर्वीं भोगलेला आनंद जसाच्या तसा पुन्हां मिळावा ही एक. त्या आनंदाच्या मुळाशीं जें तत्त्व होतें तें अधिक विकसित होऊन दिसावें ही दुसरी. टीकाकारानें ह्या दोहोंची गल्लत होऊं देतां कामा नये. व्हिडिओ गेमला कलेच्या पंक्तीस बसवावें कीं नाहीं हा वाद क्षणभर बाजूस ठेवला, तरी ‘प्रोजेक्ट आयजीआय’ ह्या गेमचें उदाहरण ह्या दृष्टीनें मोठें उद्बोधक आहे.

नॉर्वेंतील इनरलूप ह्या संस्थेनें तयार केलेला हा गेम २००० सालीं बाहेर पडला. पुढें सायबर कॅफे तालुक्याच्या गांवांपर्यंत पोंचले, आणि किनवटसारख्या अरण्याच्या कडेच्या गांवांतल्या मुलांनाहि डेव्हिड जोन्स हा एकाकी सैनिक परिचयाचा झाला. ह्या गेमचें वैशिष्ट्य बंदुकींच्या संख्येंत नव्हतें. त्याच्या १४ मोहिमांपैकीं कोणतीहि मध्येंच सेव्ह करून ठेवण्याची सोय नव्हती. पहारेकऱ्यांना चुकवून, कॅमेऱ्याची नजर टाळून जपून केलेली वाटचाल शेवटच्या एका उतावीळपणानें मातीस मिळे, आणि सारें पहिल्यापासून आरंभावें लागे. ह्याला कोणी दोष म्हणतील. आमच्या मतें तोच त्या गेमचा प्राण होय. चुकीला किंमत असल्यावांचून सावधपणाला अर्थ येत नाहीं, आणि सावधपणावांचून डावपेच हा शब्द केवळ शोभेपुरता उरतो. लढाऊ विमानांच्या गेमसाठीं बनविलेल्या यंत्रणेवर तो उभारलेला असल्यामुळें त्यांतील भूमिहि विस्तीर्ण होती; टेकडीवरून दुर्बिणीनें शत्रूचा तळ न्याहाळणें हाच अर्धा खेळ असे.

२००३ सालच्या दुसऱ्या भागांत मोहिमा १९ झाल्या, अनेकांनीं मिळून खेळण्याची व्यवस्था आली, आणि मोजक्या वेळां सेव्ह करण्याची मुभाहि मिळाली. सोय वाढली; धास्ती मात्र तितकी राहिली नाहीं. २०१९ सालीं ‘ओरिजिन्स’ ह्या पूर्वकथेची घोषणा झाली, परंतु तें काम पुढें सोडून देण्यांत आलें. त्यावर हळहळणाऱ्यांपैकीं कितीजणांना खरोखर तो गेम हवा होता, आणि कितीजणांना आपलें सोळावें वर्ष परत हवें होतें, हा प्रश्न ज्यानें त्यानें स्वतःस विचारावा.

ह्याच कसोटीवर आपल्याकडील गेमहि घासून पाहतां येतात. सप्टेंबर २०२० मध्यें पबजी मोबाइलवर बंदी आली, आणि २६ जानेवारी २०२१ रोजीं ‘फौ-जी’ प्रसिद्ध झाला. आरंभीं त्यांत गलवान खोऱ्यांतील हातघाईच मुख्य होती. २०२५ सालीं आलेला ‘फौ-जी डॉमिनेशन’ हा पुण्याच्या डॉट नाइन संस्थेनें रचला. त्यांत पांच-पांच जणांच्या तुकड्यांच्या चकमकी आहेत. अशा चकमकींत पडलेला गडी कांहीं क्षणांत पुन्हां उठून धांवूं लागतो. चापल्य व नेम ह्यांची परीक्षा येथें उत्तम होते. विवेकाची होत नाहीं.

म्हणून पुढच्या भागाकडून आमची अपेक्षा निराळी आहे. गनिमी काव्याचा वारसा सांगणाऱ्या प्रांतांत असे गेम घडत असतील, तर तो वारसा नांवांत किंवा गणवेशांत न दिसतां खेळाच्या रचनेंत दिसला पाहिजे. अल्प बळ, भूमीचें सूक्ष्म ज्ञान, आणि वेळीं माघार घेण्याचें धैर्य हीं त्याचीं अंगें होत. माहूरगडाभोंवतालची सागाची दाट झाडी किंवा पैनगंगेचें खडकाळ पात्र अशा खेळाला किती अनुकूल आहे! नव्या भागाची घोषणा होईल तेव्हां शस्त्रें किती वाढलीं हें बहुतेक जण विचारतील. चुकणाऱ्याला त्याची काय किंमत मोजावी लागते, हें आधीं विचारावें. त्या उत्तरावरच पुढच्या भागाची योग्यता ठरेल.