तळटिपेतले चषक : युद्धकाळातील आयरिश फुटबॉल आणि नोंदींचे राजकारण

उत्तर आयर्लंडच्या फुटबॉल विजेत्यांची कोणतीही यादी घ्या. साखळी स्पर्धेच्या रकान्यात १९४० साली बेलफास्ट सेल्टिकचे नाव दिसते, पुढचे नाव एकदम १९४८चे, आणि तेही बेलफास्ट सेल्टिकचेच. मधली सात वर्षे कोरी असतात, फार तर एक तारांकित टीप असते : ‘युद्धामुळे स्पर्धा स्थगित.’ शेजारचा आयरिश चषकाचा रकाना पाहिला तर मात्र तो भरलेला. १९४१ बेलफास्ट सेल्टिक, १९४२ लिनफील्ड, १९४३ आणि १९४४ पुन्हा सेल्टिक, १९४५ आणि १९४६ लिनफील्ड. एकाच शहरातले तेच संघ, तेच खेळाडू, तोच शनिवार. मग एका रकान्यात युद्ध आहे आणि दुसऱ्यात नाही, असे का?

नोंदवही हा मजकूरच असतो आणि कोणत्याही मजकुरासारखी तिचीही चिकित्सा करता येते, या समजुतीने हे टिपण लिहिले आहे. क्रीडा-इतिहासकार नोंदींना कच्चा माल समजून पुढे जातात. त्या नोंदी कोणी, कोणत्या निकषावर केल्या, हे क्वचितच विचारले जाते.

साखळी स्पर्धा थांबली हे खरे, पण खेळ थांबला नव्हता. १९४० ते १९४७ या काळात ‘नॉर्दर्न रीजनल लीग’ या नावाने, कमी संघांची साखळी चालूच होती. तिची विजेतेपदे अधिकृत गणनेत धरत नाहीत. कारण असे दिले जाते की संघ अपुरे होते आणि खेळाडू येत-जात होते. कारण खोटे नाही. पोर्टाडाऊनसारखा बरा संघ त्या काळात बाहेर पडला होता, आणि आठवड्याआठवड्याला बदलणाऱ्या संघाची तुलना शांतताकाळातल्या संघाशी करणे अवघडच आहे. पण मग हाच आक्षेप चषकाला का लागू नाही? माझ्या मते उत्तर अगदी साधे आहे. साखळीचे नाव बदलले. चषकाचे नाव आणि चांदीचे भांडे तेच राहिले. नोंद करणाऱ्याने नावाकडे पाहिले, मैदानाकडे पाहिलेच नाही.

पहिल्या महायुद्धातही हेच घडले होते. ‘होमरूल’ हा शब्द लोकमान्यांनी ज्या देशाच्या चळवळीवरून उचलला, त्या देशाचा होमरूल कायदा १९१४च्या सप्टेंबरात मंजूर झाला आणि युद्ध संपेपर्यंत बासनात गेला. १९१५ साली आयरिश साखळीही स्थगित झाली. डब्लिनचे शेलबोर्न आणि बोहेमियन्स आपल्या प्रांताच्या स्पर्धेत परतले, बेलफास्टवाल्यांनी स्वतःची जिल्हा साखळी मांडली. चषक मात्र दरवर्षी खेळला गेला. त्यामुळे त्या चार वर्षांत उत्तर आणि दक्षिण एकत्र येण्याची मुख्य जागा चषक हीच उरली.

ती जागा तुटली तीही चषकातच. १९२० साली बेलफास्ट सेल्टिक आणि ग्लेनटोरन यांच्या उपांत्य फेरीच्या फेरलढतीत दंगल झाली, गोळ्या झाडल्या गेल्या. दोन्ही संघ बाद ठरले आणि शेलबोर्नला अंतिम सामना न खेळताच चषक मिळाला. पुढच्या वर्षी त्याच शेलबोर्नचा ग्लेनॅव्हनशी बेलफास्टला झालेला सामना बरोबरीत सुटला. रिवाजाप्रमाणे फेरलढत डब्लिनला व्हायला हवी होती. बेलफास्टस्थित संघटनेने ती पुन्हा बेलफास्टलाच ठेवली. शेलबोर्नने जायचे नाकारले, आणि त्याच वर्षी डब्लिनमध्ये वेगळी संघटना उभी राहिली. देशाची फाळणी आणि फुटबॉलची फाळणी एकाच वर्षातली. एवढे झाल्यावर दोन्हीकडच्या याद्याही वेगळ्या झाल्या. माझ्या तक्रारीचे मूळ याच ठिकाणी आहे.

दुसऱ्या महायुद्धात दक्षिण तटस्थ राहिली. तिथे त्या काळाला युद्ध म्हणतसुद्धा नसत, ‘आणीबाणी’ म्हणत. आपल्याकडे या शब्दाला वेगळाच वास आहे; तिथे तो कोळशाच्या टंचाईचा, रखडणाऱ्या गाड्यांचा आणि चिमूटभर चहाचा शब्द आहे. उत्तर युद्धात होती. १९४१च्या १५ एप्रिलच्या रात्री जर्मन विमानांनी बेलफास्टवर बॉम्ब टाकले. सुमारे नऊशे माणसे मेली. त्या रात्री डी व्हॅलेरांच्या तटस्थ सरकारने डब्लिन, ड्रॉएडा, डंडॉक आणि डन लेअरी इथून तेरा अग्निशामक बंब सीमेपलीकडे पाठवले. मेच्या हल्ल्यात गोदीजवळचे ग्लेनटोरनचे ‘द ओव्हल’ मैदान उद्ध्वस्त झाले. पुढे १९४९पर्यंत हा संघ डिस्टिलरीच्या मैदानावर उसना राहिला. त्या उसन्या घरातून युद्धकाळात त्याने १९४२, १९४३ आणि १९४५ असे तीनदा आयरिश चषकाची अंतिम फेरी गाठली आणि तिन्ही वेळा हरला. यादीत ‘उपविजेता’ एवढेच लिहिलेले असते.

आणि याच हंगामात, १९४१-४२ साली, वीस वर्षे एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेल्या दोन्ही बाजूंनी मिळून एक स्पर्धा सुरू केली : डब्लिन आणि बेलफास्ट आंतरशहर चषक. दोन्हीकडचे सहा-सहा संघ, एक सामना इकडे आणि एक तिकडे. यामागे बंधुभावाची मोठी लाट होती असे मी म्हणणार नाही. उत्तरेत प्रतिस्पर्धी कमी उरले होते, इंग्लंड-स्कॉटलंडचे दौरे अवघड झाले होते, आणि दोन्हीकडच्या क्लबांना गेटवरचा पैसा हवा होता. गरजेतून आलेली गोष्ट होती ती. पण गरजेतून आली म्हणून ती कमी खरी होत नाही.

तो प्रवास डोळ्यांसमोर आणून पाहण्यासारखा आहे. बेलफास्टला रात्री काळोख पाळायचा, डब्लिनला दिवे. उत्तरेकडे चहा मिळे, दक्षिणेकडे लोणी आणि मांस. गाडीतल्या पाहुण्यांच्या कोटांचे खिसे जाता-येता वेगवेगळ्या मालाने फुगत असणार. त्यात घड्याळाची गंमत. युद्धकाळात ब्रिटनने उन्हाळ्यात घड्याळ दोन तास पुढे नेले, दक्षिणेने एकच. म्हणून उन्हाळ्यात सीमा ओलांडली की घड्याळ एक तास फिरवावे लागे. हंगामाच्या शेवटी, उन्हाळ्याच्या तोंडावर होणाऱ्या या स्पर्धेला तो फरक नक्कीच जाणवला असेल. फुटबॉल हा ‘परकीय’ खेळ म्हणून गेलिक क्रीडा संघटनेने आपल्या सभासदांना त्याची बंदी घातली होती. १९३८ साली एक फुटबॉल सामना पाहिला म्हणून राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड यांचे आश्रयदातेपदही काढून घेतले होते. तरीही १९४५ साली दक्षिणेच्या चषकाच्या अंतिम सामन्याला, शॅमरॉक रोव्हर्स विरुद्ध बोहेमियन्स, डॅलिमाउंट मैदानावर चव्वेचाळीस हजारांवर माणसे जमली.

आंतरशहर चषकाचा पहिला विजेता डंडॉक. ज्या गावाचा बंब आदल्या एप्रिलमध्ये बेलफास्टच्या आगीकडे धावला होता, तेच हे सीमेलगतचे गाव. त्याच वर्षी त्याने दक्षिणेचा चषकही पहिल्यांदा जिंकला. क्लबच्या इतिहासात ठळक अक्षरांत कोणता येतो हे सांगायला नको.

कारण आंतरशहर चषक कोणाच्याच यादीचा नाही. उत्तरेची संघटना उत्तरेचे मोजते, दक्षिणेची दक्षिणेचे. दोघांनी मिळून केलेल्या गोष्टीला रकानाच नाही. तो ‘किरकोळ स्पर्धा’ या सदरात जातो. सर्वांत जास्त वेळा जिंकलेल्या शॅमरॉक रोव्हर्सला याची झळ नाही. त्यांच्याकडे मिरवायला इतर पुष्कळ आहे. झळ बसते ती सेल्टिकला.

बेलफास्ट सेल्टिक हा प्रामुख्याने कॅथलिक वस्तीचा संघ, लिनफील्ड प्रॉटेस्टंटांचा. सेल्टिकने आयरिश चषक एकूण आठ वेळा जिंकला. त्यांतला पहिला १९१८चा, आणि आणखी तीन १९४१ ते १९४४मधले. म्हणजे अर्धे चषक युद्ध चालू असतानाचे. चषकाच्या यादीतही युद्धाची वर्षे कोरी ठेवली असती तर हा संघ निम्मा पुसला गेला असता. साखळीत तसे झालेच आहे : अधिकृत विजेतेपदे चौदा, युद्धकाळातली चार त्याबाहेर. लिनफील्डचीही तीन अशीच गेली, पण लिनफील्ड आजही खेळतो आणि दरवर्षी आपली यादी वाढवू शकतो. सेल्टिकला ती सोय नाही. १९४८च्या नाताळानंतर विंडसर पार्कवर लिनफील्डविरुद्धचा सामना संपताच प्रेक्षक मैदानात घुसले, सेल्टिकचा जिमी जोन्स, जो स्वतः प्रॉटेस्टंट होता, त्याचा पाय मोडला, आणि हंगाम संपताच क्लबने साखळीतून माघार घेतली ती कायमची.

हिशेब मागायला क्लबच उरला नाही, तर तारांकित टीप दुरुस्त करायला कोण भांडणार? आंतरशहर चषकही त्याच १९४९ साली बंद झाला. सेल्टिक पार्कच्या जागी पुढे बाजारसंकुल उभे राहिले.