तारामती आणि ग्रँट रोडचा आचारी : एका कारकिर्दीच्या चरित्रलेखनाची चिकित्सा

भारतीय चित्रपटाच्या इतिहासावरील मराठी लेखनात अण्णा साळुंके यांचे नाव ज्या प्रसंगामुळे येते, तो प्रसंग सर्वपरिचित आहे. दादासाहेब फाळके यांना ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटातील तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. जाहिराती दिल्या गेल्या, कलावंतिणींकडेही विचारणा झाली. परंतु कॅमेऱ्यापुढे उभे राहण्यास कोणी तयार होईना. अखेर मुंबईत ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात फाळक्यांना नाजूक हातांचा, सडपातळ बांध्याचा एक तरुण दिसला. त्याला तेथे महिना १० रुपये मिळत; फाळक्यांनी १५ देऊ केले आणि भारतीय चित्रपटाला पहिली ‘नायिका’ मिळाली. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये हा चित्रपट प्रदर्शित झाला. प्रसंग येथे संपतो, आणि बहुतेक लेखांत साळुंकेही येथेच संपतात. त्यांचे हे येथेच संपणे हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

वस्तुतः साळुंके यांची कारकीर्द १९३१ पर्यंत, म्हणजे अठरा वर्षे चालली. १९१७ च्या ‘लंकादहन’ मध्ये त्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. भारतीय चित्रपटातील ही पहिली दुहेरी भूमिका मानली जाते. पडद्यावर राम अवतरताच प्रेक्षक पायातील वहाणा काढून ठेवीत, ही हकिगत प्रत्येक लेखक आवर्जून सांगतो. पण ज्याच्यासाठी वहाणा काढल्या गेल्या तो राम आणि अशोकवनातील सीता हे एकच शरीर होते, याचा अभिनयाच्या अंगाने विचार क्वचितच केला जातो. मूकपटात आवाजाचा आधार नाही. स्त्री आणि पुरुष यांच्यातील सारा भेद चाल, मान, खांदे व हात यांतून दाखवावा लागतो. पुढे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात साळुंके छायालेखनाकडे वळले आणि त्यांनी छायालेखन केलेल्या चित्रपटांची संख्या तिसाच्या घरात जाते. अभिनय केलेले चित्रपट मोजके, म्हणजे पाचच. तेव्हा व्यवसायाच्या दृष्टीने ते प्रामुख्याने छायालेखक होते असेच म्हणावे लागेल. असे असता उपाहारगृहाच्या आख्यायिकेला परिच्छेद आणि छायालेखनाला एक ओळ, ही वाटणी मराठी चरित्रलेखनाने का स्वीकारली?

याचे उत्तर आख्यायिकेच्या घडणीतच आहे. तिच्यात फाळके पाहणारे आहेत, साळुंके पाहिले जाणारे. फाळके शोधतात, निवडतात, पगार वाढवितात; साळुंके केवळ सापडतात. त्यांचे हात नाजूक होते हे सगळे सांगतात, ते हात काय काम करीत होते हे कोणी नीट सांगत नाही. काही लेखांत ते आचारी आहेत, काहींत वाढपी, तर काहींत नुसतेच ‘हॉटेलातील पोऱ्या’. खाणावळीच्या धंद्याची थोडीही माहिती असणारा आचारी आणि वाढपी यांत गल्लत करणार नाही. एकाचे काम चुलीपाशी, दुसऱ्याचे पंगतीत. पगार वेगळा, मान वेगळा. चरित्रकारांना हा भेद महत्त्वाचा वाटला नाही, कारण त्यांच्या लेखी स्वयंपाकघर ही कारकिर्दीची सुरुवात नसून जिच्यातून माणूस वर काढावा अशी जागा आहे.

हीच दृष्टी सरस्वतीबाई फाळके यांच्याबाबतीतही दिसते. दादरच्या बिऱ्हाडात चित्रपट आकाराला येत असता साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांनी सांभाळला. त्याशिवाय फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे, उन्हात पांढऱ्या चादरी धरून पात्रांवर प्रकाश पाडणे ही कामेही केली. यांपैकी फिल्मची कामे अलीकडे ‘तंत्रज्ञ’ या शीर्षकाखाली नोंदली जाऊ लागली, ही समाधानाची गोष्ट आहे. स्वयंपाक मात्र अजून ‘साथ’ या सदरातच राहिला आहे. स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांना दिवसभर लुगडी नेसवून धान्य निवडणे, दळणे अशी घरकामे करावयास लावली जात, अशीही आठवण सांगितली जाते. ती खरी मानली तर तिच्यातील विसंगती लक्षणीय ठरते. रसोईचे काम ज्याच्या उपजीविकेचे होते त्याच माणसाला ‘बाईपण’ यावे म्हणून रसोईचे धडे द्यावयाचे! खाणावळीत पगारावर पुरुषाने केलेला स्वयंपाक आणि घरात स्त्रीने केलेला स्वयंपाक ही दोन वेगळी कामे आहेत, असे त्या काळाने किती सहज गृहीत धरले होते हे यातून दिसते.

परेश मोकाशी यांच्या २००९ च्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या चित्रपटाने सरस्वतीबाईंना पतीच्या वेडाची जाणती भागीदार म्हणून उभे केले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. विभावरी देशपांडे यांनी ही भूमिका कोणताही त्यागाचा गहिवर न आणता केली. तथापि लुगडे नेसलेल्या पुरुषांची तारांबळ हा या चित्रपटातील विनोदाचा हमखास आधार आहे, आणि विनोदाला आख्यायिका लागते, पुढची अठरा वर्षे लागत नाहीत. चित्रपटाला हे माफ करता येईल. संशोधनपर म्हणविल्या जाणाऱ्या लेखनाला ते माफ करणे कठीण आहे.

स्वयंपाक आणि चित्रपट एकाच आयुष्यात एकत्र आल्यावर अन्यत्र काय घडते, हे पाहण्यासाठी इटलीतील उगो तोन्याझ्झी (१९२२-१९९०) यांचे उदाहरण उपयुक्त आहे. क्रेमोना येथील मांसपदार्थांच्या कारखान्यात किशोरवयात नोकरी केलेला हा नट पुढे पाककृतींची पुस्तके लिहू लागला. १९७३ च्या ‘ला ग्रांद बूफ’ या चित्रपटात त्याने उगो याच नावाच्या पाकतज्ज्ञाची भूमिका केली. त्याच्या चरित्रांत स्वयंपाक हा व्यक्तिमत्त्वाचा विस्तार ठरतो, कारण तो प्रसिद्धीनंतर आला. साळुंके यांच्याबाबतीत तो प्रसिद्धीपूर्वी आणि पोटासाठी आला, म्हणून आख्यायिका ठरला. इटलीत पेल्लेग्रिनो आर्तुझी यांच्या १८९१ च्या ग्रंथापासून पाककृतीला वाङ्मयीन प्रतिष्ठा लाभली होती, हेही येथे ध्यानात घ्यावयास हवे.

मराठीत अशी प्रतिष्ठा कमलाबाई ओगले यांना लाभली. त्यांचा जन्म १९१३ चा, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’च्याच वर्षीचा, ‘रुचिरा’ १९७० चे. त्याच १९७० मध्ये हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ ग्रंथरूपाने आले. एका पाकतज्ज्ञ स्त्रीला आणि एका अभिनेत्रीला आपापल्या नावाची कारकीर्द मिळाली ती पुस्तकामुळे. साळुंके यांचे असे पुस्तक नाही, त्यामुळे त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार आपोआप फाळक्यांच्या चरित्रकारांकडे गेला.

परंतु लेखन मागे न ठेवणाऱ्यांचा इतिहास लिहिता येत नाही, ही सबब टिकणारी नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननातून तीन हजारांवर वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीतील चुली, साठवणीचे बळद आणि जवाचे दाणे यांच्या आधारे तेथील माणसे काय पिकवीत, काय रांधीत याचा तपशीलवार अभ्यास सिद्ध झाला. त्या माणसांची नावेही आपणांस ठाऊक नाहीत. साळुंके यांचे तर नाव आहे, चित्रपटांची यादी आहे आणि पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जतन केलेले फाळक्यांच्या चित्रपटांचे तुकडेही आहेत. त्यांपैकी ‘हरिश्चंद्रा’चा तुकडा १९१३ चा की १९१७ च्या पुनर्निर्मितीचा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यात राजा तारामतीला बोलावण्यास येतो तेव्हा ती सख्यांसह हौदात जलक्रीडा करीत असते, आणि पाण्याने अंगास चिकटलेल्या लुगड्यांतील सगळ्या सख्या पुरुष आहेत. हे दृश्य आजवर पुरुषांनी केलेल्या स्त्रीवेषाचा नमुना म्हणून पुष्कळदा दाखविले गेले. त्यातील हातांची हालचाल अभ्यासण्याचे काम अद्याप बाकी आहे.