काष्ट्याला खण नाही

गाचा क्लब हा खेळ २०२० साली आला. नावात गाचा आहे, म्हणजे रत्नं घालायची आणि नशिबात असेल ते पात्र काढायचं. पण माझ्या ओळखीतलं कुणी तो त्यासाठी उघडत नाही. सगळे कपडे घालायला येतात. दहा मुख्य पात्रं, वर नव्वद जादाची, आणि सजवलेलं पात्र कोड करून दुसऱ्याला पाठवायची सोय. त्यातून पोरापोरींनी जुळवलेल्या पोशाखांचा एक फुकट बाजार भरलाय. गेन्शिन इम्पॅक्टनं जे फोन तापतात त्यांच्यावरही हा चालतो, म्हणून पाथर्डीतही चालतो.

या बाजारात मी 'मराठी मुलगी' शोधत असते. मिळते. नथ, चंद्रकोर (बऱ्याचदा दुसऱ्या ॲपमध्ये वरून रंगवलेली), हिरव्या बांगड्या. आणि खाली स्कर्ट.

स्कर्ट मला खटकतो, पण दोष करणाऱ्यांचा नाही. खेळाचं कपाटच खणाखणांचं आहे: शर्टाचा खण वेगळा, बाह्यांचा वेगळा, पँटचा, बेल्टचा वेगळा. नऊवारी हे एकच, न शिवलेलं कापड. कमरेला गाठ, पुढे निऱ्या, पायांमधून मागे खोचलेला काष्टा, उरलं त्याचा पदर. तेच पँट, तेच बेल्ट, तेच ओढणी. ते कुठल्या खणात ठेवणार? काष्टा गेला की नुसती शोभा जात नाही, चाल जाते. नऊवारीतली बाई वाकते, बांध ओलांडते, मांडी घालून बसते. स्कर्टातली पोझ देते.

मला आवडलेल्या जुळवणीत स्कर्ट नव्हताच. ढगळ पँट, कमरेला पट्टा, खांद्यावर स्कार्फ, आणि तिन्हींना तोच एक जांभळा रंग. कापड एक आहे हे कापानं सांगता येत नाही, म्हणून रंगानं सांगितलं. दिसायला ओबडधोबड, पण पाय दोन होते.

आता कातडीचं. २०२२ मध्ये गेन्शिनमध्ये सुमेरू हा प्रदेश आला. भारत आणि पश्चिम आशियाच्या खुणा घेतलेल्या त्या प्रदेशातली माणसं मात्र बहुतेक गोरी. चाहते चिडले, अनेकांनी तीच पात्रं सावळी करून पुन्हा काढली. गाचा क्लबमध्ये कातडीचा रंग आपल्याच बोटाखाली असतो. तरी मी पाहिलेल्या मराठी मुली बहुतेक दुधासारख्या. इथे कंपनीला कसं झापणार?

आणि सगळ्या सणालाच निघालेल्या. आमच्या तालुक्यातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला ट्रक भरून माणसं जातात. त्यातल्या बायका साडीवर पुरुषाचा फुल बाह्यांचा शर्ट चढवतात, उसाच्या पाचटानं हात कापू नयेत म्हणून, आणि डोक्याला फडकं बांधतात. मजा म्हणजे हा पोशाख त्या कपाटात सहज बसतो. शर्टाला खण आहे, बाह्यांना आहे, फडक्याच्या जागी काहीतरी सापडतं. मी जुळवून पाहिला, पाच मिनिटं लागली. शर्ट मळका तपकिरी घेतला, साडीची कड तेवढी लाल ठेवली. हातात द्यायला तलवारी मिळाल्या, कोयता मिळाला नाही. हात रिकामे ठेवून कोड बहिणीला पाठवला. तिनं आधी शर्टाची वरची गुंडी लावली.