'सुबोध बायबल' आणि मराठी ख्रिस्ती परंपरा

धर्मग्रंथाचें भाषांतर करणाऱ्यापुढें एक प्रश्न नेहमींच उभा असतो. वाचकाच्या परिचयाचे शब्द घ्यावे, तर त्यांस पूर्वीच्या श्रद्धेचे रंग चिकटलेले असतात. नवे घडवावे, तर ते मनाला भिडत नाहींत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल' या ग्रंथाचा विचार करतांना आम्हांस हाच प्रश्न मुख्य वाटतो. साहित्य अकादमीनें २०१३ सालीं या कार्याचा गौरव केला. जानेवारी २०२० मध्यें उस्मानाबाद येथें भरलेल्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हां ख्रिस्ती धर्मगुरु या पदावर कसा, असा आक्षेपहि कांहींनीं घेतला. २५ जुलै २०२४ रोजीं फादर निवर्तले. आतां तो गलबला ओसरला आहे. ग्रंथ ग्रंथ म्हणून वाचण्यास अडचण नसावी.

तो आक्षेप परंपरेच्या अज्ञानांतून आला होता, एवढेंच येथें सांगणें पुरे. १६१६ सालीं फादर स्टीफन्स यांनीं गोव्यांत 'ख्रिस्तपुराण' छापविलें, तें ओवींत. बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटना'नें १८५७ सालीं विधवांचें दुःख मराठी कथेंत आणिलें. मराठींत ख्रिस्ती लेखक पाहुणा म्हणून आलेला नाहीं.

खरा वाद या घरांतलाच आहे, आणि त्याचीं दोन टोकें म्हणजे रेव्हरंड टिळक व पंडिता रमाबाई. नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत टिळकांच्या हातीं नवा करार पडला. १८९५ सालीं ते ख्रिस्ती झाले. त्यांनीं ख्रिस्तास संतांच्या अभंगांत बसविलें, आणि 'ख्रिस्तायन' अपुरें राहिलें तेव्हां लक्ष्मीबाईंनीं तें पुरें केलें. उलट रमाबाई संस्कृताच्या पंडिता असूनहि संस्कृतप्रचुर शब्दांपासून दूर राहिल्या. त्या शब्दांमागें जुन्या दर्शनांचे अर्थ दडलेले आहेत, अशी त्यांची भीति होती. शिवाय त्यांस अल्पशिक्षित स्त्रियांनीं वाचावें असें बायबल हवें होतें. मूळ हिब्रू व ग्रीक यांवरून केलेलें हें भाषांतर १९२२ सालीं मृत्यूच्या अगदीं जवळ येईपर्यंत चाललें होतें. टिळकांनीं रस राखिला, रमाबाईंनीं अर्थाची शुद्धता. दोघांस एकाच वेळीं दोन्ही साधलीं नाहींत.

दिब्रिटो यांचें श्रेय असें कीं, त्यांनीं या दोन वाटा जोडण्याचा यत्न केला. वाक्यें रमाबाईंच्या मार्गानें सुटसुटीत आहेत. प्रास्ताविकांतून व टिपांतून संदर्भ उलगडत जातो. मनाचा कल मात्र टिळकांप्रमाणें संतवाङ्मयाकडे आहे. बायबल म्हणजे परधर्माचा प्रचारग्रंथ अशी समजूत बाळगणाऱ्या कुटुंबांतहि हें पुस्तक उघडलें जावें, अशी त्याची सौजन्यपूर्ण भाषा आहे. याची किंमत मात्र द्यावी लागली आहे. संदेष्ट्यांचा क्रोध या गद्यांत थोडा निवतो. अर्थ समजतो, पण कानांत घुमत राहात नाहीं. वसईच्या बोलीचा उग्र गंधहि येथें प्रमाण भाषेखालीं झांकला गेला आहे.

आम्हां वऱ्हाडकरांस या उणिवेची जाणीव अधिक होते, कारण आमच्याजवळ एक वेगळा मापदंड आहे. २० डिसेंबर १९५६ रोजीं वलगांवजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडगेबाबांचा देह पडला. त्यांना शास्त्र ठाऊक नव्हतें. परंतु हातांत झाडू घेऊन आधीं गांव झाडायचा, मग रात्रीं वऱ्हाडी बोलींत श्रोत्यांसच प्रश्न विचारून त्यांच्या मनांतला केर काढावयाचा, असें त्यांचें कीर्तन असे. श्रद्धा तेथें संस्कृतीची भाषा बोले, आणि त्याच भाषेंत तिची झडतीहि घेई. रमाबाईंनींहि बाप्तिस्म्यानंतर आपल्या इंग्रज गुरुभगिनींशीं वाद घालून आपल्या नव्या घराचीच झडती घेतली होती, हें विसरतां कामा नये.

नव्या ख्रिस्ती पुस्तकांकडून आम्हांस हीच अपेक्षा आहे. सलोखा हें मोठें मूल्य खरें. पण केवळ सलोख्यानें धर्मवाङ्मय टिकत नाहीं. मंडळींतली जात, मेळघाटांतला कुपोषित बालक, कर्जांत बुडालेला कास्तकार यांच्याविषयीं नवी शुभवार्ता काय सांगते, हें वलगांवच्या बाजारांत समजेल अशा मराठींत लिहिलें गेलें पाहिजे. 'सुबोध बायबला'नें दार उघडलें आहे, आणि तें उघडण्याचें ऋण मराठी वाचकांनीं मोकळेपणानें मान्य करावें. त्या दारांतून झाडू घेऊन आंत जाणारा लेखक अद्याप यावयाचा आहे.