घरांचा कारखाना आणि धुळ्याचा गवंडी

कटेराचंच घ्या ना. 2015 साली कॅलिफोर्नियात निघालेली कंपनी. घराचे भाग कारखान्यात बनवू, डिझाइनपासून बांधणीपर्यंत सगळं आपणच करू, हा दावा. संस्थापकांपैकी मायकल मार्क्स इलेक्ट्रॉनिक्स उद्योगातले, मोठा पैसा सॉफ्टबँकेचा. आणि जून 2021मध्ये दिवाळखोरी!

आम्हाला खोट दिसते ती हिशेबात. आपला धुळे-जळगावकडचा गवंडी पावसात काम थांबलं, की बऱ्याचदा शेतात जातो. कारखान्याला कुठलं आलंय शेत? ऑर्डरी आटल्या तरी भाडं, हप्ते, पगार चालूच. मग कात्री लागते ती पगारालाच. आपल्याकडची पोरं अशा ठिकाणी मुलाखतीला निघाली, तर पॅकेज राहू द्या. हातात किती महिन्यांच्या ऑर्डरी आहेत, ते आधी विचारा म्हणावं.